तब्येतीच्या गोष्टी : मरायला तयार नसलेल्या पेशी



एका लग्नात ओळखीच्या एक मावशी अर्ध्या जिन्यात थांबल्या. धाप लागली होती. मला म्हणाल्या, "अगं, डॉक्टर म्हणतो फुफ्फुसातलं प्रेशर वाढलंय. घरच्या मशीनवर तर १२०-८० येतं. खोटं कोण बोलतं?"

खोटं कोणीच बोलत नाही. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बाकी शरीराचं प्रेशर. हृदयातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांचं प्रेशर वेगळं. ते सरासरी १४ च्या आसपास असतं. स्वस्थ पडून असतानाही २० च्या वर गेलं, की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. बहुतेकांना ते हृदयाच्या डाव्या बाजूच्या किंवा फुफ्फुसांच्या दुखण्यामुळे होतं. पण एक दुर्मिळ प्रकार असा, की त्या बारीक धमन्यांच्या भिंतीच जाड होत जातात. हा बायकांत जास्त दिसतो.

भिंती जाड का होतात? शरीरातली जुनी पेशी वेळ झाली की आपणहून मरते आणि जागा रिकामी करते. इथे पेशी वाढतात, पण मरायचं नाव घेत नाहीत. पाहुणे येतच राहिले आणि जाईना कोणी, तर घरात चालायला वाट उरेल का? तसंच रक्ताचं होतं. उजव्या बाजूचं हृदय ढकलून ढकलून थकतं.

पेशींना जगवून ठेवणारं एक प्रथिन १९९७ साली सापडलं. नाव सर्व्हायव्हिन. कॅन्सरच्या गाठींत ते पुष्कळ असतं. २००५ साली कॅनडातल्या एडमंटनच्या संशोधकांना ते या रुग्णांच्या फुफ्फुसांतल्या धमन्यांतही दिसलं. निरोगी धमन्यांत नव्हतं. आजारी उंदरांना त्यांनी ते प्रथिन निकामी करणारं जीन श्वासावाटे दिलं. प्रेशर उतरलं, उंदीर जास्त जगले.

पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी मेल्या तर दुखणं उलट वाढू शकतं. म्हणून हा उपाय अजून दवाखान्यात आलेला नाही. मात्र पेशींच्या वाढीचा तोल सावरणारं सोटाटरसेप्ट हे इंजेक्शन अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं. ते दर तीन आठवड्यांनी कातडीखाली देतात. चाचणीत ते घेणारे रुग्ण सहा मिनिटांत इतरांपेक्षा सुमारे ४० मीटर जास्त चालले. आजार मुळापासून जात नाही, रक्तावर नजर ठेवावी लागते. पण आधीची औषधं मुख्यतः धमन्या सैल करत, त्यापुढचं हे पाऊल आहे.

मावशींनी धाप दोन वर्षं मुलांपासून लपवली होती. "वय झालं," एवढंच म्हणायच्या. तसं करू नका. चढताना धाप, चक्कर, पायांना सूज असेल तर कुपात होलिमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, हृदयाचा एको करावा का ते विचारा. पक्कं निदान हृदयात नळी घालून प्रेशर मोजल्यावरच होतं. चालू औषध मनाने बंद करू नका.

मावशींची तपासणी ठरली आहे. मुलगी सोबत जाणार आहे.

तब्येत सांभाळा. पुढच्या अंकात भेटूच.