निद्रेचें प्रयोजन

निजलेला प्राणी शत्रूच्या हातीं आयताच सांपडतो. त्या वेळीं त्याला भक्ष्य शोधतां येत नाहीं कीं पिलांचें रक्षणही करतां येत नाहीं. असें असूनही सृष्टींतून निद्रा नाहींशी झालेली नाहीं. मेंदूच नसलेला एक जेलीमासाही रात्रीं झोंपेसारख्या अवस्थेंत जातो, असें २०१७ सालीं आढळून आलें. डॉल्फिनची तऱ्हा तर विलक्षणच. श्वासासाठीं त्याला वारंवार पाण्यावर यावें लागतें; म्हणून त्याच्या मेंदूचें एक अर्ध निजतें, तेव्हां दुसरें जागें राहतें. एवढा खटाटोप करूनही जी टाळतां आली नाहीं, ती निद्रा निरुपयोगी कशी म्हणावी?

मग तिचें कार्य कोणतें? केवळ विश्रांति हें उत्तर अपुरें आहे. कारण स्नायूंना विसांवा जागेपणीं पडून राहूनही मिळतो. रशियांतील विदुषी मारी दे मानासेइन यांनीं १८९४ सालीं कुत्र्याच्या पिलांना सतत जागें ठेवून पाहिलें. अन्न मिळत असूनही तीं थोड्याच दिवसांत दगावलीं. मेंदूला निद्रेची जी गरज आहे, ती अन्नानें भागत नाहीं, हें यावरून दिसतें. दिवसभर शिकलेलें स्मरणांत पक्कें बसतें तें निद्रेंत, आणि मुलांच्या शरीराची वाढ करणारा रस मुख्यतः गाढ झोंपेंतच स्रवतो. निजलेल्या उंदरांच्या मेंदूंतील मळ अधिक वेगानें धुतला जातो, असें २०१३ सालीं दिसलें होतें. परंतु २०२४ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत उलट आढळल्यानें तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

याचा बोध आपल्या घरासाठींही आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून केलेली घोकंपट्टी म्हणजे भोंक पडलेल्या घागरींत पाणी भरणें होय. ब्राह्ममुहूर्तीं उठण्याची शिकवण चांगलीच. पण जो लवकर निजेल, त्यानेंच ती आचरावी. प्रौढ मनुष्यास निदान सात तासांची झोंप हवी. आतां मोठ्या कुटुंबांत पहाटेचें चहाचें आधण जिच्याकडे असतें, तिच्याच वांट्याला पुष्कळदां रात्रीची झांकपाकही येते. तिच्या झोंपेचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. सर्वांत आधीं कोण उठतें, याचें कौतुक करतांना तीच व्यक्ति सर्वांत शेवटीं पाठ टेकते कीं काय, हेंही वडीलधाऱ्या मंडळींनीं अवश्य पाहावें, आणि दोहोंपैकीं एक काम दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं द्यावें.