अंगचें पाणी

आमच्या छत्रपति संभाजीनगरांतल्याच एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत हातीं आलें. थोरल्या मुलाचें ठीक चाललें आहे. चिंता आहे ती धाकट्या मुलीची. बारावी झाली, गुण बेताचेच पडले. गाता गळा नाहीं, चित्रकलेंत गति नाहीं, वक्तृत्वाच्या चषकांनीं कपाट भरलेलें नाहीं. मुलगी हल्लीं खिडकीशीं बसून असते आणि म्हणते, "आई, माझ्यांत कांहींच नाहीं ग." मुलांच्या अंगचे गुण हुडकून देणाऱ्या कसोट्या आजकाल फी आकारून घेतात, त्यांतली एखादी तिला द्यावयास लावावी काय, असें बाईंनीं विचारलें आहे. पत्राच्या तळाशीं एक ओळ होती. ती एकदां खोडून पुन्हा लिहिलेली दिसत होती : "खरें सांगायचें तर माझ्यांत तरी काय आहे, हें मलाही कधीं कळलें नाहीं."

मुलीचा प्रश्न खरा आहे. परंतु मला अधिक अस्वस्थ केलें तें या खोडलेल्या ओळीनें.

कसोटीचें आधीं सांगून टाकतें. अशा एका कसोटीला मी स्वतः बसून पाहिलें आहे. पुष्कळसे प्रश्न होते, "चारचौघांचें पुढारपण करणें आपणांस आवडतें काय?" अशा थाटाचे. निकाल आला : नेतृत्व आणि साहस! आमच्या घरीं त्या दिवशीं जो हशा पिकला तो अजून ओसरलेला नाहीं, कारण झुरळ दिसलें कीं पाटावर चढून बसणारी बाई ती मीच. कसोटीचा दोष मी म्हणत नाहीं. आपण कसे असावेंसें वाटतें तेंच मीं लिहून दिलें होतें, आणि तेंच तिनें मला परत केलें. आपल्या अंगीं जें खरोखर असतें तें आपल्या हातून इतक्या सहज होतें कीं त्याला गुण म्हणावें हेंच ध्यानांत येत नाहीं. मग तें उत्तरांत उतरणार कसें?

आमच्या थोरल्या वहिनींचेंच पाहा. चौदा माणसांच्या घरांत त्या सून म्हणून आल्या आणि पुढें तीस वर्षें त्या घराचा गहूतांदूळ त्यांनीं भरला. लग्नामुंजींत आचारीसुद्धां त्यांच्याकडे येऊन विचारी, "वहिनी, चारशें पान आहे, तांदूळ किती काढूं?" वहिनी लागलीच आंकडा सांगत नसत. पंगत दुपारची कीं रात्रीची, मंडळी कोणीकडची, पोरेंटोरें किती, पाऊस पडण्याजोगा आहे काय, हें सारें विचारून घेत आणि मग म्हणत, "व्याही जालन्याचे आहेत, रात्रीं भात कमी खातील, पोळ्यांचें पीठ वाढवा." पंगत उठल्यावर पातेल्यांत उरे तें वाढप्यांना पुरेल एवढेंच. आम्ही त्यांना अन्नपूर्णा म्हणत होतों, आणि तेवढें म्हटलें कीं आपलें कर्तव्य संपलें असें समजत होतों.

दादा अकस्मात् गेला. मागें थोडें निवृत्तिवेतन, एक शिकतां मुलगा आणि घराचें कर्ज. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, मला काय येतें हो? स्वयंपाक तर सगळ्याच बायका करतात." मला उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल करतें. उत्तर सुचलें तें गुलमंडीवरच्या किराणा दुकानदाराला. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरची यादी मी तीस वर्षें बांधतों आहें. बाकीच्या घरचीं माणसें आठव्या दिवशीं परत येतात, साखर संपली म्हणून, नाहीं तर डाळीला टोके झाले म्हणून. तुमच्या घरचें माणूस मधल्या दिवशीं कधीं आलें नाहीं." वहिनी घरीं येऊन बराच वेळ गप्प होत्या. कोणी तरी आपली यादी पाहत होतें, हेंच त्यांना नवें होतें.

दुसऱ्याची दृष्टि पडल्यावांचून स्वतःचें पाणी ओळखूं न येणें हें कांहीं बायकांच्याच वांट्याला आलेलें नाहीं. ज्या शहरांत आपण राहतों तें ज्यानें वसविलें त्याची कथा याहून निराळी नाहीं. 1610 सालीं खडकी या खेड्याच्या जागीं मलिक अंबरानें राजधानी उभारली. तिचें पुढें फतेहनगर झालें, मग औरंगाबाद आणि 2023 मध्यें छत्रपति संभाजीनगर. हा पुरुष हबसाणांत 1548 च्या सुमारास जन्मला आणि पोरवयांतच गुलाम म्हणून विकला गेला. तोही एकदांच नव्हे, बाजारामागून बाजारांत. अंबर हें नांवसुद्धां त्याला धन्यानें दिलेलें. त्या पोराला कोणीं विचारलें असतें कीं, बाबा, तुझ्यांत काय आहे, तर तो तरी काय सांगता? मीर कासिम नांवाच्या बगदादी धन्याच्या ध्यानांत त्याची बुद्धि आली व त्यानें त्याला शिकविलें, असें चरित्रकार सांगतात. पुढें अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीझखानही हबशीच आणि एके काळचा गुलामच. त्याच्या पदरीं असतां अंबराला राज्यकारभार जवळून पाहावयास मिळाला. धनी वारल्यावर तो मोकळा झाला, आणि मग कित्येक वर्षें लहानसहान शिलेदारींत गेलीं. अहमदनगरचा किल्ला 1600 सालीं अकबराच्या फौजेनें घेतला आणि त्या पडझडींत अंबर पुढें आला, तेव्हां त्याची पन्नाशी उलटली होती. अठराव्या वर्षीं 'माझ्यांत कांहीं नाहीं' असें म्हणणाऱ्या मुलीला तेवढा आंकडा अवश्य सांगावा.

पुढचीं सव्वीस वर्षें, यश-अपयश दोन्ही पचवीत, त्यानें मोगलांना दक्षिणेंत स्वस्थ बसूं दिलें नाहीं. जहांगीर इतका चिडला होता कीं अबुल हसन या त्याच्या दरबारी चितऱ्यानें बादशहा अंबराच्या तुटलेल्या शिरावर बाण सोडीत आहे असें चित्र काढलें. प्रत्यक्षांत तें शीर बादशहाच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

आतां त्याचा गुण कोणता? आपण चटकन् शौर्य म्हणूं. मला तें पटत नाहीं. शूर माणसें त्या काळीं पैशाला पासरी होतीं. अंबराचें पाणी हिशेबांत होतें असें मला वाटतें. वसुलीचा मक्ता देण्याची चाल त्यानें मोडली, कित्येक हंगामांचें प्रत्यक्ष पीक पाहून त्याच्या सरासरीवर रोख सारा ठरविला. त्याची 'मलिकंबरी' पद्धति त्याच्यामागेंही या मुलखांत आठवली जात असे. लढाईंतही तेंच. मोगलांची छावणी म्हणजे चालतें शहर. त्या शहराचें पोट केवढें, दाणावैरण कोणत्या वाटेनें येते आणि ती अडविली तर किती दिवस निभावेल, हें ज्याला उमगलें त्याला समोरासमोर भिडण्याचें काय कारण? मराठे बारगीर बरोबर घेऊन त्यानें शत्रूची रसद मारली. 1624 मध्यें भातवडीस तर तळ्याचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलांत घातली, आणि मग छापे घातले. शहाजीराजे त्या लढाईंत त्याच्या बाजूनें होते.

परंतु सर्वांत मनांत भरते ती त्याची नहर. खडकीच्या आसपास वरून पाहावें तर कोरडे माळ आणि उघडे डोंगर. हर्सूलच्या बाजूस जमिनींत मुरलेलें पाणी धरून, जमिनीखालच्या बांधीव मार्गानें, केवळ उताराच्या बळावर तें शहरांत खेळविण्याचें काम त्यानें 1617 च्या सुमारास केलें. वाटेंत ठिकठिकाणीं उभे मनोरे बांधले. त्यांत पाणी चढे, कोंडलेली हवा निघून जाई आणि प्रवाह पुढें सरके. दरबारांतल्या शहाण्यांनीं आधीं या बेताची थट्टा केली, अशी आख्यायिका आहे. शहाणे तेवढें करतातच. (पाहुणे मंडळी पाणचक्की पाहून ती अंबरानें बांधली असें सांगत सुटतात. ती त्याच्यानंतरची, आणि तिचें पाणीही निराळें. एवढी दुरुस्ती यजमानीणबाईंनीं जरूर करावी.)

अंबराच्या गुणाला कुंपणही होतें, आणि तें त्यानें ओळखलें होतें. राजवंशाचें रक्त आपल्यांत नाहीं हें जाणून तो स्वतः तख्तावर बसला नाहीं. एक सुलतान नकोसा झाला तेव्हां दुसरा बसविला, पण तो त्याच घराण्यांतला. 1626 त त्याचें देहावसान झाल्यावर जहांगीराच्या दरबारचा इतिहासकार मुतमदखान यानें, शत्रूचा असूनही, लढाईंत व कारभारांत त्याला तोड नव्हती असें लिहून ठेविलें. त्याची कबर खुलताबादेस आहे. मुलांना वेरूळ दाखवावयास न्याल तेव्हां वाटेंतच आहे.

वहिनींनीं शिकावयास आलेल्या मुलींना डबे द्यावयास आरंभ केला. पहिले दोन महिने तोटाच आला. अन्न वायां गेलें म्हणून नव्हे. ताटाचा दर सांगतांना त्यांची जीभच उचलेना! पोरीनें "काकू, पुढच्या महिन्यांत देतें" म्हटलें कीं विषय संपला. अखेरीस शेजारच्या एका रोखठोक बाईंना त्यांनीं भागींत घेतलें. पैशाचें बोलणें त्या करतात, अंदाज वहिनी करतात. आज साठ डबे जातात. मुलाचें शिक्षण झालें, कर्जाचे थोडे हप्ते राहिले आहेत. परवां मीं सहज विचारलें, तर म्हणाल्या, "साठ डब्यांत काय आहे, चारशें पान उठवायचें तें खरें काम."

तेव्हां, बाई, फीचे पैसे तूर्त तसेच राहूं द्या. मुलीला काय आवडतें हें तिला विचारूं नका. घरांत व मैत्रिणींत कोणत्या वेळीं तिला हांक मारतात तें आठ दिवस टिपून ठेवा. कोणतें काम दुसऱ्यानें वेडेंवांकडें केलेलें तिला पाहवत नाहीं, तेंही टिपा. घराबाहेरच्या दोघांतिघांना, तुमच्या वाण्याला देखील, विचारा. मग त्यांतलें एक काम दोन महिने पुरतें तिच्या अंगावर टाका आणि मधें बोलूं नका. चुकली तरी.

ही टिपणी मला पाठवाल तेव्हां सोबत दुसरी एक पाठवा, आपली स्वतःची. शेजारणी आपल्याकडे काय विचारावयास येतात? त्या काय मागून नेतात, कोणत्या अडचणींत आपलें दार वाजवितात? ओळ खोडूं नका. पहिल्यानें सुचेल तसेंच लिहा.