थारची क्रेझ: नाव वाळवंटाचं, पण तुमची गाडी खरंच 'फोर बाय फोर' आहे का?

जळगाव-धुळ्यात लग्नाची वरात असो की नेत्याचा वाढदिवस, रीलमध्ये एक उंच, चौकोनी गाडी हमखास दिसते. बहुतेक वेळा ती थार असते. पण थार दिसते तशी प्रत्येक थार चिखलातून निघतेच असं नाही. असं का?

'जीप' आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेली विलिज जीप महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतली. पुढे आपल्याकडे कमांडर, मार्शल, ट्रॅक्स अशा सगळ्याच गाड्या लोकांसाठी 'जीप' झाल्या. जिथे एसटी कमी, तिथे 'काळी-पिवळी' म्हणून त्यांनीच प्रवासी वाहिले. कागदोपत्री मात्र 'जीप' हा ब्रँड आज स्टेलँटिस या परदेशी कंपनीचा आहे. तिच्या गाड्या पुण्याजवळ रांजणगावला बनतात.

नावं काय सांगतात?

कमांडर, मार्शल हे सैन्यातले हुद्दे. आर्मडा म्हणजे युद्धनौकांचा ताफा. गुरखा हे नाव सरळ लढवय्या सैनिकांवरून आलं. मग नावांचा सूर बदलला. बोलेरो (२०००) हे स्पॅनिश नृत्य, स्कॉर्पिओ (२००२) म्हणजे वृश्चिक आणि थार (२०१०) म्हणजे राजस्थानचं वाळवंट. आधीची गाडी रुबाब विकायची, आताची भटकंतीचं स्वप्नही विकते. नवी थार २०२० मध्ये आली आणि हे स्वप्न शहरातल्या तरुणांपर्यंत पोहोचलं.

मग गोम कुठे आहे?

जानेवारी २०२३ मध्ये थारचं स्वस्त मॉडेल आलं. एक्स-शोरूम किंमत ९.९९ लाखांपासून. या गाडीत इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असल्याने तिच्यावर कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. 'फोर बाय फोर' थारचं इंजिन मोठं, म्हणून तिच्यावर ४० टक्के. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच.

ओळखायची कशी?

गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा बघा. त्यावर '४ एच' आणि '४ एल' असेल, तर ती फोर बाय फोर. '४ एल'मध्ये चारही चाकांना संथ पण जास्त जोर मिळतो. पावसात काळ्या मातीत गाडी रुतली की कामाला येतो तो हा दांडा. तो नसेल, तर शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. बोलेरोही आज मागच्या चाकांवरच चालते, पण ती घेणारा तिच्याकडून चिखलातल्या कसरतीची अपेक्षा करत नाही.

दणकट म्हणजे सुरक्षित?

तसं नाही. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत २०२० मध्ये थारला प्रौढ प्रवाशांसाठी ४ स्टार मिळाले. २०२४ मध्ये बोलेरो निओला फक्त १ स्टार मिळाला. दोन्ही गाड्या दणकटच दिसतात. समोर लोखंडी बुल बार लावला की गाडी आणखी रुबाबदार दिसते, पण तो बेकायदा आहे. त्यामुळे पादचाऱ्याला जास्त इजा होऊ शकते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

घ्यायची की नाही?

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-शिरपूरकडच्या पाड्यांवर रोजचं जाणं असेल, तर फोर बाय फोरचे जास्तीचे पैसे वसूल होतात. धुळे-जळगाव महामार्गावरच फिरायचं असेल, तर मागच्या चाकांची गाडी पुरेशी आहे. हौस म्हणून थार घेण्यातही चूक नाही. फक्त कर्जाचा हप्ता ठरवताना कापूस-केळीचा भाव यंदाचा धरू नका, पडलेल्या वर्षाचा धरा. आणि सही करण्याआधी तो छोटा दांडा आहे का, ते एकदा बघाच.