मनातील मैदान

खो-खोच्या डावात आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. बसलेल्यांपैकी एखादा ‘खो’ मिळण्याआधीच मनोमन उठलेला असतो, वळलेला असतो, पळणाऱ्याला त्याने गाठलेलेही असते. या अदृश्य डावाला मानसशास्त्रात मनःप्रतिमा म्हणतात. तिच्यात दृश्याबरोबरच पायांचा वेग, हाताचा स्पर्श आणि सवंगड्यांची आरोळीही असते.

ती बाहेरून दिसत नाही. म्हणून मुलांनाच विचारावे लागते. कॅनडातील संशोधकांनी 7 ते 14 वर्षे वयाच्या मुलांसाठी अशी एक प्रश्नावली तयार केली व ती 2014 मध्ये प्रसिद्ध केली. तिचा विषय स्पर्धेतील खेळ हा नसून फावल्या वेळचे धावणे-बागडणे हा आहे. ती तीन गोष्टी तपासते : आपल्याला खेळ जमतो आहे, आपण सोबत्यांसह खेळतो आहोत आणि खेळात आपल्याला मौज वाटते आहे, अशी चित्रे मुलांच्या मनात किती वेळा येतात?

निवासी शाळेसाठी यांतील दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची, असे आम्हांस वाटते. जून महिन्यात आईचा हात सोडून आलेले मूल मैदानाच्या कडेला उभे राहते. त्याची उंची, वजन, धावण्याची वेळ आपण नोंदवतो. मनातल्या मैदानावर त्याच्यासोबत कोणी आहे की नाही, याची नोंद कोठेच होत नाही.

मात्र या उत्तरांचे गुण करू नयेत. गुण दिसताच मूल मोठ्यांना आवडेल तेच सांगते. शिवाय परदेशात घडलेल्या प्रश्नांचे नुसते भाषांतर पुरणार नाही. लगोरी, लंगडी, कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलांच्या बोलीत ते पुन्हा पारखून घ्यावे लागतील.

आणि मोजण्यासाठी आधी खेळ शिल्लक हवा. दहावीच्या जादा वर्गांसाठी आपण सर्वप्रथम सायंवंदनेपूर्वीचा खेळाचा तास कापतो. अभ्यासाची निकड आम्ही जाणतो. पण ज्या तासात परके मूल कोणाचे तरी सवंगडी होते, तो तास रिकामा कसा म्हणावा?

पालकांना आमची विनंती आहे : भेटीच्या दिवशी गुण विचारण्याआधी, ‘खेळताना तुझ्या मनात काय येते?’ एवढे विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी तो तास राखण्यासाठी आमच्या पाठीशी उभे राहावे.