शत्रूच्या नावांचा दगड

जर्मनीतील हाल्डर्न गावाजवळ एका ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाच्या सात सैनिकांचे स्मारक २०१५ साली उभारले गेले. १६ मे १९४३च्या रात्री ऱ्हुर परिसरातील धरणे फोडायला निघालेले हे विमान विजेच्या तारांना धडकून कोसळले. वैमानिक रॉबर्ट बार्लो यांच्यासह सातही जण गेले. त्यांचा बॉम्ब मात्र न फुटता जर्मनांच्या हाती लागला. त्याच मोहिमेत इतर विमानांनी म्योने आणि एडर ही धरणे फोडली. पुरात बाराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली निम्म्याहून अधिक सक्तीने राबवलेले परदेशी मजूर आणि युद्धकैदी होती.

शत्रूचे स्मारक म्हणजे त्याच्या कृत्याला संमती, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाही. वीरगाथा पक्ष घेते. विलापिकेला मृताचे नाव पुरते. नाव कोरणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे, आणि ज्यांच्या भूमीवर बॉम्ब पडले त्यांनीच ते कोरावे यात मोठे धैर्य आहे.

परंतु वाचकाचीही एक जबाबदारी उरते. ती सात नावे वाचताना पुरात गेलेले मजूर आपल्याला आठवले नाहीत, तर आपण विलापिकेचीही वीरगाथा केली, असेच म्हणावे लागेल.