सांधा अडला म्हणून गाडी मोडायची?

शिंदखेड्याच्या रेल्वे स्थानकात रुळांचा सांधा अडला, तर गाडी थांबते. पण म्हणून कोणी ती भंगारात काढत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच अविचार सर्रास घडतो.

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी यंत्रे टाकून देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स बसविणे तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांना केव्हाही परवडणारे. परवान्याचा खर्च नाही. परंतु एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे उमटतात आणि ‘सगळे पुसून नव्याने टाका’ असा सल्ला मिळतो. तो मानला की गुणपत्रके गेली, विद्यार्थ्यांचे प्रकल्पही गेले.

वस्तुतः ग्रब हा केवळ बूट लोडर, म्हणजे मुख्य प्रणाली शोधून तिच्या हाती कारभार सोपविणारा छोटा प्रोग्रॅम. डिस्कचे विभाग बदलले, की त्याला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. कधी सुरुवातीचा क्रम पालटून थेट विंडोजच उघडते. तेथे बायोसमधील क्रम सुधारला तरी पुष्कळदा भागते. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुधारणेनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना; तेथे अडसर सुरक्षा-तपासणीचा होता, फाइली शाबूत होत्या. म्हणूनच पडद्यावरील मजकूर आधी उतरवून घ्यावा.

पुढचा मार्गही अवघड नाही. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. मूळ प्रणाली यूईएफआय पद्धतीची असेल, तर तीच पद्धत निवडावी. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. मग मूळ विभाग जोडून ग्रब पुन्हा बसवावा व त्याची यादी नव्याने तयार करावी. डिस्कच निकामी झाली असेल, तर गोष्ट वेगळी. पण तशी खात्री होण्यापूर्वी पुसण्याची घाई कशासाठी?

हे काम तंत्रज्ञाचे, शिक्षकाचे नव्हे, असा आक्षेप येईल. तो अगदीच गैर नाही. परंतु तंत्रज्ञाला ‘पुसू नका’ असे बजावण्याइतके ज्ञान तरी यंत्र वापरणाऱ्याजवळ असावयास नको काय? मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक संगणककक्षात एक पेन ड्राइव्ह आणि दुरुस्तीच्या पायऱ्यांचा एक मराठी कागद ठेवावा, आणि वर्षातून एक प्रात्यक्षिक व्हावे. एवढ्याने वर्षभराचे श्रम वाचणार असतील, तर ते न करणे ही काटकसर नव्हे, निव्वळ हलगर्जी ठरेल.