गर्दुल्ला आणि कलम ६४-अ

मोहल्ल्यात मोबाइल चोरीला गेला की संशय गर्दुल्ल्यावर. पोलीस नेतात, पोरगा सुटून येतो, तलफ तशीच. पुन्हा चोरी.

स्वित्झर्लंडने १९९४ पासून जुन्या व्यसनींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइनच देऊन उपचार सुरू केले. त्यांचे गुन्हे खूप घटले. नशेसाठी रोज पैसा लागेनासा झाला की चोरी कशाला?

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही कलम ६४-अ आहे. नुसत्या सेवनाचा किंवा अगदी थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. किती आईबापांना हे ठाऊक आहे? अब्रूपायी पोराला घरात लपवतात. जुम्म्याच्या बयानात, शाळेच्या पालकसभेत हे सांगायला हवे. तुरुंग विकणाऱ्यासाठी ठेवा.